आधी फोटो

लिफ्टमध्ये शेजारच्या आंटींनी गुडघ्याला लावलेल्या औषधी तेलाचा झणझणीत वास आला आणि मला सात वर्षांपूर्वीची पुंगोलमधली एक सकाळ आठवली.

सिंगापूरमध्ये गाडी चालवायला लागून तेव्हा मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवऱ्याने बजावलं होतं, "काही झालं तर आधी फोटो काढ. सॉरी अजिबात म्हणू नकोस. इन्शुरन्सवाले तेच धरून बसतात."

कारपार्कमधून बाहेर पडताना मी उजवीकडे पाहिलंच नाही. एका चिनी अंकलच्या सायकलला धक्का लागला आणि ते पडले. गुडघा सोलवटला होता. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला आणि फोटो काढत सुटले. बंपर, सायकलचं चाक, नंबरप्लेट. आपण फोटोच्या आड येतोय असं वाटून अंकल बिचारे बसल्या बसल्या बाजूला सरकले.

खिशातून तेलाची छोटी बाटली काढून त्यांनी गुडघ्याच्या आजूबाजूला चोळलं. मग मी घाबरलेली पाहून तीच बाटली माझ्या नाकापुढे धरली.

"सॉरी लाह, गर्ल. आय स्केअर यू," ते इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले.

मी नुसती मान हलवली.

पुढे सगळं रीतसर मिटलं. "छान निभावलंस," नवरा म्हणाला. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

लिफ्ट थांबली. बाहेर पडताना आंटींच्या भाजीच्या पिशवीला माझा हात लागला.

"सॉरी," मी लगेच म्हणाले.