पाटावर बसलेले चार मोबाइल

या दसऱ्याला आमच्याकडे एक भानगड झाली... आम्ही घरातल्या चौघांनीही आपापले मोबाइल पूजेला बसवले.

आम्ही राहतो डोंबिवली वेस्टला, कोपर स्टेशनजवळ. मी, नवरा आणि सासू-सासरे. सासरे, म्हणजे अण्णा, हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर लावून बरीच वर्षं मराठी टायपिंगची कामं घ्यायचे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, एखाद्या हौशी कवीचा संग्रह... आजूबाजूच्या कितीतरी लग्नांच्या पत्रिका त्या कोपऱ्यातून निघाल्यात.

आता पत्रिका लोक मोबाइलवरच करतात आणि मोबाइलवरच पाठवतात. काम आटत आटत बंद झालं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विणलेलं क्रोशाचं कव्हर एकदा त्या कॉम्प्युटरवर चढलं, ते काही परत उतरलं नाही.

नवऱ्याला त्या जागी रिक्लायनर हवी होती... आडवं पडून मोबाइल बघायला, दुसरं काय. जुनं इलेक्ट्रॉनिक सामान नेणाऱ्या एका माणसाला त्याने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलेलं. अण्णांना विचारलं तर ते "ने बाबा" एवढंच म्हणाले, आणि मला कसंतरीच झालं. ज्याच्यावर या माणसाने संसार केला, त्याला निरोप काय तर "ने बाबा". त्यानंतर आठवडाभर मी नवऱ्याशी धुसफुसत होते.

दसऱ्याला सकाळी पाट मांडला. दरवर्षी कीबोर्ड पाटावर आणि कॉम्प्युटरला झेंडूची माळ, हे ठरलेलं. मी माळ घेऊन कोपऱ्याकडे वळले, तर अण्णा म्हणाले, "अगं, वर्षभर त्याला हात तरी लावलाय का कुणी? ज्याच्यावर काम चालतं त्याची पूजा करायची. मोबाइल ठेवा."

मुद्दा बरोबर होता. माझं अर्धं ऑफिस मोबाइलवर, नवऱ्याचं तर सगळंच. म्हणून मग चार मोबाइल ओळीने पाटावर बसले. मागच्या कव्हरवर हळदकुंकू, वर एकेक फूल... अगदी शहाण्या मुलांसारखे.

आरती झाली आणि मग ट्यूब पेटली. आमच्या घरचा नियम असा की पूजेला बसवलेल्या हत्याराला त्या दिवशी आराम. दिवेलागणीपर्यंत हात लावायचा नाही. कीबोर्डचं ठीक होतं हो... पण मोबाइल?

सायलेंट करायचंही कुणाला सुचलं नव्हतं. शुभेच्छांचे मेसेज धडाधड यायला लागले. पाट थरथरत होता आणि वरची फुलं हळूहळू सरकत होती. नवरा पाटाभोवती नुसता घिरट्या घालत होता. "फक्त बघतो ना, कुणाचा आहे..." "हात लावून तर बघ," आई शांतपणे म्हणाल्या.

श्रीखंड-पुरी झाली आणि आम्ही चौघं हॉलमध्ये येऊन बसलो. एरवी जेवणानंतर अण्णा इअरफोन लावून बाल्कनीत, आई त्यांची सिरियल घेऊन आत, आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. आज कुणाला कुठे जायचं तेच कळेना.

"काय गं, गप्पशी?" अण्णांनी आईंना विचारलं.

"मी रोजच गप्प असते. तुमच्या कानात ते असतं ना, म्हणून कळत नाही."

त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

मग आई उठल्या. कॉम्प्युटरवरचं कव्हर काढलं, फडक्याने धूळ पुसली, स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची अण्णांच्या खुर्चीला लावली. "चला, बसा."

"अगं, पण काम काय आहे?"

"मी वाचते, तुम्ही टाइप करा." आणि त्यांनी सकाळचा पेपर उघडला.

कॉम्प्युटर घरघर करत, भरपूर भाव खात सुरू झाला. आई वाचायला लागल्या... "शहरात दसऱ्याचा उत्साह, स्वल्पविराम, बाजारपेठा गजबजल्या, पूर्णविराम. नवा परिच्छेद..."

"हळू वाच गं. मी काय आता तरुण राहिलोय?"

"तेव्हाही हेच म्हणायचात."

मी या घरात आले तेव्हा काम आटत आलेलं, त्यामुळे हे मला माहीतच नव्हतं. लोकांनी हाताने लिहून आणलेला मजकूर आई वाचायच्या आणि अण्णा मान वर न करता टाइप करायचे. रोज दुपारी, जेवण झालं की. "लहानपणी मी हे स्वल्पविराम-पूर्णविराम ऐकतच झोपायचो," नवरा हळूच म्हणाला.

मी आईंकडे बघत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा दिसला... आठवडाभर मी चुकीच्या माणसाची काळजी करत होते. अण्णांचं बरं चाललंय. मोबाइलवर बुद्धिबळ आहे, शाळेतले मित्र सापडलेत. शेजारची खुर्ची गेली होती ती आईंची, आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

दिवेलागण झाली. मी आणि नवऱ्याने लगेच आपापले मोबाइल उचलले, खोटं कशाला बोलू. त्या दोघांचे मात्र तिथेच पाटावर थरथरत होते. पेपरचं तिसरं पान चाललेलं.

दुसऱ्या दिवशी तो सामान नेणारा आला. मी पदर खोचून भांडायच्या तयारीत बाहेर आले, तर नवऱ्याने त्याला दारातूनच परत पाठवलेलं. "सॉरी हां, लागतो आमच्याकडे."

काम सगळं मोबाइलवर होतं. खरंच होतं, हे सगळं मीही मोबाइलवरच लिहितेय. पण मोबाइलसमोर दोन खुर्च्या लावून कुणी बसत नाही...