एकच गीत, दोन चाली

“शेवटचं गीत माझंच क्वायर म्हणेल,” मी पाळकसाहेबांना बजावलं.

“दोघंही एकच गीत गाऊन राह्यले नं, सर? मग आधी काय न मागून काय?”

फरक होता. मी चंद्रपूरच्या शाळेत म्युझिक टीचर, चर्चचं क्वायरही बसवतो. नाताळच्या त्या लाडक्या गीताचं माझं सेटिंग चार आवाजांचं आहे. सेटिंग म्हणजे शब्द तेच, बांधणी आपली. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचे टेनर आणि बेस. चारही वेगळ्या वाटांनी जातात आणि ओळीच्या शेवटी भेटतात. आमचा नाताळ त्यानेच संपायचा.

गेल्या वर्षी सिरोंच्याहून सुगुणाबाई आपल्या चर्चच्या बायका घेऊन आल्या. निवृत्त नर्स. त्यांचं सेटिंग ढोलकीवरचं. एकीने ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. रिहर्सलला ऐकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. इतकं सोपं मला का सुचलं नाही?

आमच्याकडे शेवटच्या गीताला लोक उभे राहतात. मग पाळक आशीर्वाद देतात, मग केक आणि चहा. तो उभं राहण्याचा मान मला हवा होता.

सुगुणाबाईंच्या दुसऱ्याच कडव्याला लोक आपण होऊन उठले. माझी बायकोही उठली. ती माझ्या क्वायरमधली पहिली आल्टो!

“बस नं खाली!”

“काऊन? गाऊ नाई का?”

गीत संपलं. अख्खं चर्च उभं पाहून पाळकसाहेबांनी सवयीने हात वर केले आणि आशीर्वाद देऊन टाकला. माणसं चहाकडे निघाली.

“अरे बापा! सर, तुमचं राह्यलंच!”

आम्ही रिकाम्या बाकांसमोर गायलो. ऐकायला फक्त सुगुणाबाई आणि त्यांच्या बायका. संपल्यावर त्या पुढे आल्या.

“सर, मधात तो खालचा आवाज एकटाच उतरते नं, तिथी अंगावर काटा आला. असाच आहे का?”

आणि त्यांनी तो आल्टो गुणगुणून दाखवला. बिनचूक. माझ्या लोकांना तो दिवाळीपासून घोटल्यावर कुठे बसला होता. कौतुकाने बरं वाटायला हवं होतं. मी आणखीच जळलो.

यंदा त्या माझ्या सेटिंगमध्ये आल्टो गातात, मी त्यांच्यात टाळ्यांचा ठेका धरतो. जळणं काही कमी झालेलं नाही. पण जळणाऱ्या माणसाने निदान नंबर तरी आधीचा मागावा.