विलायती हीरो

आता हे तुम्हाला सांगावं की गिळून टाकावं, याचा चहा उकळेपर्यंत विचार केला. पण साडूभाऊंनी ते पार अमळनेरपर्यंत पोचवलंच आहे, मग तुम्हीच का मागे राहावं?

मला माझ्या गुजरातीचा भारी अभिमान. सुरतेच्या भेस्तानात इतकी वर्षं काढली, भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करतो, म्हणजे पंडितच की! गुजरातीत हिऱ्याला 'हीरो' म्हणतात, हे मला पाठ. त्याच शब्दाला तिथेही दुसरा अर्थ असू शकतो, हे पंडितांच्या ध्यानात आलं नाही.

आमचे शेजारी कनुभाई हिरे घासायच्या कारखान्यात आहेत. त्यांची हेतल कॉलेजात शिकते. काय शिकते, हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

एका सकाळी कनुभाईंनी मला दारातच गाठलं. "पाटीलभाई, मारी दीकरीए विलायती हीरो बनाव्यो छे. रविवारे कॉलेजमां जोवा आवजो."

सुरतेत यंत्रात हिरे बनवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला लगेच कळलं, पोरीने हिरा बनवलाय. तरी खात्री असावी म्हणून विचारलं, केवढा आहे? ते म्हणाले, माझ्यापेक्षाही ऊंचो. ऊंचो म्हणजे उंची माल, दुसरं काय? पोरीने रात्रंदिवस राबून बनवलाय, असंही म्हणाले. मी त्यांची पाठ थोपटली.

त्याच रविवारी मेव्हणी आणि साडूभाऊ येणार होते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, अंगठी घ्यायची होती. साडूभाऊ दर भेटीत एकच टोमणा मारायचे: सुरतेत राहता आणि बायकोच्या नाकात हिरा नाही. मी फोन करून सांगितलं, अंगठीचं माझ्यावर सोडा, घरच्यासारख्या पोरीने हिरा बनवलाय. बायको म्हणाली, "अहो, कनुभाईंना एकदा नीट विचारून तरी घ्या." मी नुसता हसलो. शहाणी माणसं हसतात तसा.

कॉलेजच्या हॉलमध्ये शिरलो तर चारी भिंतींवर एकाच गोऱ्या माणसाची चित्रं. घोड्यावर बसलेला, चिरूट ओढणारा, टोपीखालून रोखून बघणारा. एका चित्रात तर नुसते बूटच. मधोमध त्याचा पुरुषभर उंच प्लास्टरचा पुतळा, पाय फाकवून उभा, हातात पिस्तूल. मेव्हणीने विचारलं, हा कोण? मी सांगितलं, इंग्रजी सिनेमातला नट, परदेशात हिऱ्यांच्या जाहिरातीला असलीच माणसं ठेवतात. मला सगळंच माहीत असतं.

साडूभाऊ कंटाळले. "हिरा कोठे शे, भाऊ?"

मी हेतलला बोलावलं आणि अस्खलित गुजरातीत विचारलं, हीरो क्यां छे? तिने आनंदाने पुतळ्याकडे हात केला. "आ रह्यो ने, काका."

बघतो तर पुतळ्याच्या पट्ट्याच्या बकलावर काहीतरी चमकत होतं. वा, पोरीने काय जागा शोधली! मी गुडघ्यांवर बसलो. साडूभाऊंनी मोबाईलची बॅटरी धरली. मी दोन्हीकडून वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, पाणी चांगलं आहे. आजूबाजूला माणसं जमली. एवढे रसिक त्यांनी बहुधा पाहिले नसावेत. बकल कसं बसवलंय ते बघायला आधार म्हणून मी पुतळ्याचा हात धरला, आणि तो हात पिस्तुलासकट माझ्या हातात आला.

हेतलचा चेहरा पाहवेना. तिने हळू आवाजात विचारलं, "काका, शुं जोता हता?"

मी काय बघत होतो, ते खरं सांगितलं. बकलावरची ती साधी काच होती. कनुभाईंना आधी उलगडा झाला. ते खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हेतल नाही हसली. तिने मला स्वतः काढलेल्या चित्रांपुढे नेलं, लहान मुलाला अक्षर दाखवावं तसं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हीरो. फिल्मनो हीरो, काका."

तुटका पुतळा कॉलेजवाले ठेवून घेईनात. कनुभाईंच्या घरात जागा नव्हती. मी म्हणालो, आमच्याकडे राहील. तिची माफी मागण्याचा मला दुसरा मार्ग सुचला नाही. टेम्पोत पुतळ्याला मिठी मारून साडूभाऊ बसले. अंगठी त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात जाऊन घेतली. मला सोबत नेलं नाही.

हेतलने घरी येऊन तो हात चिकटवून दिला आणि जाताना एकदाची हसली. हात जरा फिरलाय, त्यामुळे पिस्तूल आता नेमकं माझ्या जेवायच्या जागेवर रोखलेलं असतं. बायको त्याच्या टोपीवरची धूळ रोज पुसते.

परवा शेजारीण बघायला आली. हा कोण, म्हणून तिने विचारलं. बायको म्हणाली, "इंग्रजी सिनेमातला मोठा माणूस आहे. पण काही माहीत नसलं की गप्प उभा राहतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरात एक तरी असा असावा."