सुपारी फुटली आणि तोंड मिटलं

माझं तोंड एके काळी केवढं उघडायचं म्हणता! आमच्या कळस गावच्या पारावर मी हसलो की तिथली कबुतरं उडून थेट इंदापूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायची. अख्खी पुरणपोळी घडी न घालता आत जायची. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. त्याच तोंडात मी वर्षानुवर्षं मावा कोंबला. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं एकत्र मळून.

लेकीची सोयरीक सांगवीला जमली. आमच्याच ओसरीवर सुपारी फुटली. व्याह्यांनी अख्खा पेढा माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं, म्हणजे मला तसं वाटलं. पेढा दातांवर आपटून फुटला आणि माझ्या नव्या सदऱ्यावर सांडला.

"का वो पाव्हणं, सोयरीक पसंत न्हाय का?" व्याही हसत म्हणाले, पण त्यांचा हात हवेतच राहिला.

"तसं न्हाय वो. दाढ ठणकतीया," मी ठोकून दिलं.

लेक दारातून पुढं आली. "दाढ न्हाय, मामंजी. मावा खाऊन आबांचं तोंडच उघडत न्हाय. भाकरी दुधात कुस्करून खात्यात."

जन्मभर गप्पा मी ठोकल्या आणि खरं सांगायची पाळी पोरीवर आली, तीही तिच्याच सुपारीत.

इंदापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन बोटं उभी घाला तोंडात." एक गेलं, दुसरं अडलं. "सुपारीनं गाल आतून आवळलेत. तंबाखूचा पांढरा चट्टा आहे, तो तपासायला पाठवते. कमी करतो म्हणू नका, बंदच करा. तलफ आली की पाणी प्या, चालून या. आणि चारचौघांना सांगून टाका, म्हणजे कुणी पुढं करणार नाही."

पारावर सांगितलं. "आबांनी मावा सोडला? मग उजनी आटली म्हणायची!" सगळे खदखदले. मला धड हसताही येईना.

चट्ट्यात कॅन्सर निघाला नाही. "अजून नाही," बाई म्हणाल्या. त्या 'अजून'नं माझी झोप उडवली. मावा सुटला. बाईंनी सांगितल्याप्रमाणं आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांत धरून जबडा ताणत बसायचो, पण तोंड हट्टीच.

लग्नात व्याही पुन्हा पेढा घेऊन आले. मी कानशिलं दुखेपर्यंत जबडा ताणला. त्यांनी हात मागं घेतला, पेढ्याचे चिमटीएवढे तुकडे केले आणि तान्ह्या पोराला भरवावं तसा एकेक भरवला. बोहल्यावरून लेक बघत होती. मी मान वर केली नाही.

"सावकाश, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "घाई न्हाय."