एका शेरवानीतले सारे पूर्वज

आमच्या भागात जुन्या काळी माणसं वेगवेगळी जन्मायची, पण फोटोत गेली की एकच व्हायची. त्याला कारण नांदेडातला एक फोटोवाला. त्याच्याकडं एक काळी शेरवानी, एक रुमी टोपी, एक चांदीच्या मुठीची काठी आणि विटेएवढं जाड एक पुस्तक. उमरीचा कापूसवाला असो की कंधारचा पाटील, आत गेला की बंडी खुंटीला आणि शेरवानी अंगाला. बारीक गिऱ्हाईक असेल तर पाठीमागून चिमटे लावायचे. जाड असेल तर बटणं उघडीच ठेवून त्यावर पुस्तक धरायला लावायचं. निजामाच्या अख्ख्या फौजेनं मिळून घातली नसेल इतक्या अंगांवर ती शेरवानी चढली, आणि तीही न धुता. म्हणून तर आजही आमच्याकडं ज्याच्या त्याच्या भिंतीवर एक जहागीरदार टांगलेला दिसतो. जहागीर शोधायला जावं तर अर्धी विहीर आणि एक म्हातारा बैल.

आमच्या पणजोबांनीही तिथं फोटो काढला होता, एवढंच घरात माहीत होतं. पाहिला कोणीच नव्हता. पणजोबा तरणेताठे गेले. सून फोटोपुढं रडत बसली तर ज्वारी कोण काढणार, असा विचार करून त्यांच्या आईनं फोटो गावच्या घरातच कुठंतरी दडवून टाकला. त्या वेळी पणजोबांची धाकटी लेक पाळण्यात होती. ती लेक म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. आम्ही पोरंसोरंही तिला आत्याच म्हणायचो. नांदेडात आमच्याकडंच राहायची. सारे दात पडले, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण तिचं मागणं काही बदललं नाही. बाप कसा दिसायचा, ते एकदा बघायचं होतं.

ते दाखवायला भूकंपच यावा लागला. औशापलीकडचं आमचं माळवदाचं घर बसलं. ते कुलूपबंद होतं, आमचं कोणी गेलं नाही, म्हणून मला आज थट्टा सुचते. शेजारच्या गल्लीत थट्टा करायलाही कोणी उरलं नव्हतं. ढिगाऱ्यातून निघालेल्या तसबिरी शाळेच्या पत्र्याखाली मांडून ठेवल्या होत्या, ज्यानं त्यानं आपापली ओळखून न्यावी म्हणून. आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, तेव्हा लातुरात मास्तर होते. ते गेले आणि पाहतात तर काय, ओळीनं नुसत्या शेरवान्या. आमच्या गल्लीच्या म्हणून सांगितलेल्या चार तसबिरी त्यांनी पोत्यात भरल्या. चारांत एक तरी आपला निघेल, हा हिशेब. उरलेले तीन कोणाचे, हे सांगू शकणारी माणसं पत्र्याखाली आलीच नव्हती.

ते पोतं काकांच्या खाटेखाली वर्षानुवर्षं राहिलं. आत्या दर दिवाळीला विचारायची आणि काका म्हणायचे, सध्या पोरांच्या परीक्षा आहेत, मग बघू. लातुरात परीक्षा नाहीत असा दिवस उगवायचाच बंद झाला होता. जिल्ह्या-जिल्ह्यांतून पोरं ट्रंका घेऊन उतरत होती, डॉक्टर व्हायला. लोकांनी गोठ्यांना फरशी बसवून अभ्यासिका काढल्या आणि म्हशी बहिणीकडं पाठवल्या. काकांनी नोकरी सोडून क्लास काढला. घरात जिथं भिंत दिसेल तिथं खाट टाकली. देवघरातसुद्धा एक पोरगं राहायचं. देवाला नैवेद्य दाखवायला काकूंना आधी त्याचं फिजिक्स संपायची वाट बघावी लागायची.

पण समोरच्या क्लासनं पाटीवर ‘तीन पिढ्यांची ज्ञानपरंपरा’ असं लिहिलं आणि काकांची झोप उडाली. त्यांना परंपरा हवी होती, तीही ॲडमिशनच्या आत. तेव्हा कुठं पोतं उघडलं. चारांपैकी एकाच्या हातात ते जाड पुस्तक होतं, चेहरा गोरागोमटा, नजर गंभीर. काकांनी तिथल्या तिथं त्याला शिक्षणमहर्षी केलं आणि चौकात लावायच्या फ्लेक्सची ऑर्डर दिली. पुस्तकामागं न लागलेली बटणं होती, हे सांगायला गेलो तर मला म्हणाले, तुला विज्ञान जमलं नाही म्हणून तू असा बोलतोस.

तरीही आत्यानं हो म्हटल्याशिवाय पूर्वज कायम होत नाही, एवढी लाज त्यांना होती. आम्ही तिला एसटीनं लातूरला नेलं. क्लासच्या बाकावर चारही तसबिरी उभ्या केलेल्या, त्यांच्यावर खडूनं ए, बी, सी, डी. पूर्वज ओळखायचाही काकांनी बहुपर्यायी प्रश्न केला होता. ते खडू हातात घेऊन समजावू लागले की आत्या, चुकीचे पर्याय आधी गाळायचे. डीचे डोळे तिरळे, गेला. एचे कान सुपाएवढे, गेला. सी नुसताच घाबरलेला, आपल्या घराण्यात घाबरट कोणी नाही, गेला. राहिला बी, पुस्तकवाला.

आत्यानं चारही तसबिरींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, “माझ्या बापाचं नाक टोचलेलं होतं.”

पणजोबांच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हे पोरगं तरी यमाच्या नजरेतून सुटावं यासाठी त्याचं नाक टोचलं होतं. तांब्याची जड कडी घालून घालून भोक मोठं झालेलं, असं आत्याच्या आईनं तिला सांगितलेलं. काकांनी जीवशास्त्राचं भिंग आणून बीच्या नाकावर धरलं. नाक साबूत होतं, वर तेही नाटकवाल्यासारखं देखणं. काकांनी घसा खाकरला, सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं आणि भर पावसात छत्री न घेताच बाहेर पडले.

चहा संपून दुसरा आला तेव्हा ते परतले. हातात बीचाच फोटो, नवा कोरा, लॅमिनेशन केलेला. जुन्या फोटोवर धूळ बसली होती, ती काढली, असं म्हणाले. धुळीखालून म्हणे भोक निघालं. भिंगाची गरजच नव्हती, दाण्याएवढं भोक होतं. समोरच्या फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर पाडलेलं, हे त्या फ्लेक्सवाल्याच्या खुर्चीलासुद्धा कळलं असतं.

आत्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. “बरं केलंस. पण बाबा, हे तर डावं नाक टोचलंय. माझ्या बापाचं उजवं.”

“मग आधी कामून न्हाई सांगितलं?” काका म्हणाले.

“तू इचारलं कुठं?”

पोरांना प्रश्न तीन-तीनदा वाचायला लावणारा माणूस, पेपर फोडून नापास झाला. आत्यानं भिंग मागून घेतलं आणि स्वतःच एकेक तसबीर बघत गेली. डी नाही. ए नाही. सीवर थांबली. उजव्या नाकपुडीवर भोक होतं, फोटोत टाचणीच्या टोकाएवढं, पण होतं. मग मीही बघितलं. टोपी कानावर आलेली, शेरवानीच्या बाह्यांतून नुसती बोटांची टोकं बाहेर, फोटोवाल्यानं पाठीमागं दहा तरी चिमटे लावले असावेत. आणि चेहरा असा, की जणू कॅमेऱ्यातून आता गोळी सुटणार आहे.

“हे तोंड चौकात लावलं तर आपलीच पोरं समोरच्या क्लासात जातील,” काका म्हणाले.

“नको लावू. मला दे.”

काकांनी चौकात बीलाच लावलं, भोकासकट, शिक्षणमहर्षी म्हणून. ज्याचा कोणाचा तो पूर्वज, त्याला मेल्यावर नाक टोचून घ्यावं लागलं. ॲडमिशन मात्र भरभरून झाल्या.

आत्यानं सीला पदरात गुंडाळलं आणि नांदेडच्या गाडीत मांडीवर घेतलं. अहमदपूरपर्यंत पदर तसाच घट्ट धरून होती. मग पदर उघडून बघायला लागली ती बघतच राहिली. बाप विशीतला, ती त्याच्या आजीच्या वयाची. “टोपी तरी नीट घालावी माणसानं,” असं त्याला हळूच म्हणाली आणि काचेवरचा खडू पुसला.

तिकिटं तपासायला आलेला कंडक्टर वाकून म्हणाला, “नातू का, आजी?”

“बाप हाय माझा.”

त्यानं एकदा फोटो पाहिला, एकदा तिला. “बरं,” म्हणाला, “बापाला जरा आत घ्या, लोकांना जायला जागा न्हाई.”

आत्यानं त्याला आत घेतलं.