केझायाचे बुडखे

केझाया वॅचरचा नवरा गेला, तेव्हा आमच्या इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या रानातला त्याचा हेझलच्या झाडांचा तुकडा कुणाला द्यायचा, यावरून गावात कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे झाडं मुळासकट काढत नाहीत. हिवाळ्यात बुडाशी तोडायचं, बुडख्याला नवे फुटवे येतात, सात वर्षांनी पुन्हा तोडायचं. त्या काठ्यांच्या आम्ही मेंढ्यांच्या कुंपणासाठी ताट्या विणतो.

"तुकडा मीच तोडणार," केझाया म्हणाली.

रानाचे कारभारी पेनी म्हणाले, "तोड. पण मे महिन्यात फुटवे दिसले नाहीत, तर तुकडा जोबला."

जोब तिचा शेजारी, तोंडाने फटकळ. मी त्याच्या तुकड्यातला कामाचा जोडीदार, आणि हसण्यात मीही मागे नव्हतो, खोटं कशाला बोलू.

केझायाने एकटीने सगळा तुकडा तोडला. तोड अगदी जमिनीलगत आणि तिरकी, पाणी साचू नये म्हणून. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण बारीक फांद्यांच्या मोळ्या आम्ही सगळे पावाच्या भट्टीला देतो, त्या हिने प्रत्येक बुडख्यावर रचून ठेवल्या.

"अगं, त्यांना थंडी वाजते का?" जोब ओरडला. "पांघरूण कशाला घालतेस?"

"तुझ्या तोंडावरही घालीन, जरा थांब," ती म्हणाली.

मे महिन्यात कारभारी आले. केझाया सकाळपासून काही न खाता उभी होती. समोर नुसते वाळक्या फांद्यांचे ढीग.

"कुजले असणार आतल्या आत," जोब म्हणाला.

कारभाऱ्यांनी एक ढीग उचलला. आत हातभर फुटवे, हिरवेगार, एका बुडख्याला वीस-वीस. दुसरा उचलला, तिसरा उचलला, तेच. मग ते आमच्या तुकड्यात आले. हरणांनी आणि सशांनी आमचा एकेक कोंब बुडापर्यंत कुरतडला होता. जोब आपल्या बुटांकडे बघत राहिला. मलाही भयंकर लाज वाटली.

कारभाऱ्यांनी तुकड्यांच्या नोंदीची वही काढली. "वॅचरची विधवा, असंच लिहू ना?"

"नाही," केझाया म्हणाली. "केझाया वॅचर लिहा. रान माझ्या हाताने फुटलंय."

कारभाऱ्यांनी तसंच लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं.