बायडाबाईची एकटीची विहीर

राजुरीच्या बायडाबाईइतका राग जपलेली बाई मी पाहिली नाही. चौऱ्याण्णव साली तिचा नवरा गेला. विहीर तिची आणि धाकट्या दिराची, कुंडलिकची, सामाईक होती. चार दिवस पाणी हिचं, चार दिवस त्याचं. नवऱ्याचा दहावा नेमका हिच्या पाळीत आला. ही नदीवर दहाव्याला बसलेली आणि इकडे कुंडलिकने मोटर चालू करून हिच्या पाळीचं पाणी आपल्या कांद्याला दिलं.

"दहाव्याला पाणी कोण धरणार व्हतं, वैनी? वाया गेलं असतं," तो म्हणाला.

खरंही असेल. पण त्या दिवशी बायडाबाईने मनात धरलं, विहीर माझी एकटीची झाली पाहिजे.

नऊ वर्षं ती टपून बसली. कुंडलिकला पोराच्या घरासाठी जमिनीची फोड करायची होती, त्याला हिची सही लागली. "आदी हिरीवरचा हक्क सोड," ती म्हणाली. पोराचं लग्न घरावाचून अडलेलं. त्याने मुकाट्याने जुन्नरला जाऊन हक्कसोडपत्र करून दिलं. हिने त्याच दिवशी त्याचा पाइप कुऱ्हाडीने तोडला आणि भावकीत पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला. कुंडलिकची जिरली म्हणून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण पाण्यावाचून शेती कोण करतो? कुंडलिकने बांधापलीकडे, स्वतःच्या रानात बोअर घेतलं. दोनशे फुटांवर धो धो पाणी लागलं आणि होळीपर्यंत हिच्या विहिरीचा तळ उघडा पडला. विहिरीत वाटा असता, तर बोअरचं त्याच्या मनातही आलं नसतं.

ऐन कांदा पोसायच्या वेळी कुंडलिक आपणहून आला.

"वैनी, माझ्या बोअरवरून पाइप टाकतो. रान वाळवू नका."

"तुझं पाणी माझ्या रानात नको."

मुलगा आदेश तिच्या पाया पडला. सून जया रडली. बाई हलली नाही. दोन एकर कांदा उभा वाळला. मे महिन्यात आदेश जयाला घेऊन भोसरीला कंपनीत गेला, तो शेतीत परत आलाच नाही.

ते गेले त्या दिवशी मी तिला चिडूनच विचारलं, "काय मिळवलंस, बायडे?"

तिने पदराने डोळे पुसले.

"त्याची मोटर माझ्या हिरीत वाजत न्हाई, भाऊ."

रडताना तिचा आवाज फाटला होता, पण एवढं वाक्य तिने अगदी समाधानाने म्हटलं.